प्युअर डेटामध्ये शेअर्ड मेमरीतून फक्त नवा डेटा कसा वाचायचा

कथक करणाऱ्या मुलीच्या घोट्यावर एक छोटा सेन्सर बांधला आहे. त्यात त्वरणमापक आणि जायरोस्कोप असे दोन्ही आहेत, म्हणजे प्रत्येक क्षणाला सहा आकडे. सेकंदाला १००० नोंदी येतात. त्या पकडणारा सी भाषेतला एक प्रोग्रॅम वेगळा चालतो, आणि त्यांच्यापासून आवाज तयार करायचा तो प्युअर डेटा या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडलेल्या जोडणीत, म्हणजे पॅचमध्ये. पाय जमिनीवर आपटला की आवाज लगेच यायला हवा. एकही नोंद दोनदा वाचली जाऊ नये, एकही न कळत गळू नये आणि आवाजात कुठेही टकटक येऊ नये. या लेखात एवढंच काम शेवटपर्यंत नेऊ.

प्युअर डेटा मिलर पकेट यांनी १९९०च्या दशकात लिहायला घेतला. त्याआधी पॅरिसच्या इरकाम संस्थेत त्यांनीच मॅक्स बनवला होता. दोन्हींमध्ये प्रोग्रॅम लिहायचा नसतो, चौकोन, म्हणजे ऑब्जेक्ट, मांडून ते तारांनी जोडायचे असतात. पण तारांखाली जे यंत्र धावतं त्याचे वेळेचे नियम कडक आहेत. ते समजून न घेता शेअर्ड मेमरीला, म्हणजे दोन प्रोग्रॅमना एकत्र वापरता येणाऱ्या मेमरीला, हात घातला, तर पॅच टेबलावर नीट चालतो आणि कार्यक्रमाच्या मध्यात बिघडतो.

आधी एक प्रामाणिक प्रश्न: शेअर्ड मेमरी खरंच हवी आहे का? सेकंदाला शे-दोनशे संदेश येत असतील तर नेटवर्कवरून संदेश घेणारा 'नेटरिसीव्ह' ऑब्जेक्ट घ्या आणि पुढे चला. नेटरिसीव्ह नेहमीच्या पद्धतीत आकडे मजकूर म्हणून घेतो, त्यांची फोड करतो आणि अर्धविरामावर संदेश संपवतो. कमी संदेशांना ते पुरतं, जोडायला सोपं आहे आणि दुसऱ्या संगणकावरूनही चालतं. सहा आकड्यांच्या हजार नोंदी म्हटलं की दर सेकंदाला सहा हजार आकड्यांचा मजकूर बनवायचा आणि पुन्हा फोडायचा, तोही आवाज तयार करणाऱ्याच थ्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या त्याच धाग्यात. तिथून पुढे शेअर्ड मेमरीला अर्थ आहे.

प्युअर डेटाचं घड्याळ

प्युअर डेटा आवाज ६४ सॅम्पलांच्या ब्लॉकमध्ये तयार करतो. ४८,००० सॅम्पल रेटला एक ब्लॉक म्हणजे १.३३ मिलिसेकंद. एका ब्लॉकच्या वेळात आधी त्या वेळेपर्यंतचे सगळे संदेश चालतात, मग ब्लॉकचं गणित होतं. संदेश आणि आवाज एकाच थ्रेडमध्ये आहेत. खिडक्या आणि चौकोन दाखवणारा भाग तेवढा वेगळ्या प्रोसेसमध्ये असतो. म्हणजे तुमच्या ऑब्जेक्टने वाचताना वेळ खाल्ला तर तो थेट आवाजाच्या वेळातून जातो.

दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. प्युअर डेटाची वेळ तार्किक आहे, भिंतीवरच्या घड्याळाची नाही. साउंड कार्डचा बफर ५१२ सॅम्पलांचा असेल तर कार्ड १०.६७ मिलिसेकंदांनी एकदा हाक मारतं, आणि प्युअर डेटा लागोपाठ आठ ब्लॉक एका दमात उरकतो. तार्किक वेळ प्रत्येक ब्लॉकला १.३३ मिलिसेकंदांनी पुढे सरकते, पण खऱ्या घड्याळात तेवढ्यात जवळजवळ काहीच होत नाही. ठरावीक वेळाने ठोके देणाऱ्या 'मेट्रो'ला १ मिलिसेकंद दिला म्हणून दर मिलिसेकंदाला खरंच मेमरी बघितली जाते असं समजू नका. याचा परिणाम पुढे सविस्तर येईल, कारण तिथेच बहुतेक पॅच फसतात.

मेमरीची मांडणी

लिहिणारा प्रोग्रॅम आणि वाचणारा ऑब्जेक्ट यांच्यात एकच करार असतो: मेमरीत कुठे काय आहे. तो आधी कागदावर उतरवा आणि मग दोन्हीकडे एकच हेडर फाइल वापरा.

पहिलं ४०९६ बाइटचं पान फक्त माहितीसाठी ठेवायचं. त्यात ओळखखूण म्हणून एक ठरावीक आकडा, मांडणीची आवृत्ती, एका नोंदीचा आकार, एकूण जागा किती, लिहिणारा सुरू झाला तेव्हाचा सत्र क्रमांक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजवर एकूण किती नोंदी लिहिल्या त्याचा ६४ बिटांचा आकडा. हा आकडा वेगळ्या ६४ बाइटच्या ओळीवर ठेवा, म्हणजे बाकीची माहिती वाचताना प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या जवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, उगाच ओढाताण होणार नाही.

त्यापुढे नोंदींचं कडं, म्हणजे रिंग बफर. आपल्या नोंदीत ८ बाइटची वेळ आणि ४ बाइटचे सहा आकडे, एकूण ३२ बाइट. कॅशच्या ६४ बाइटच्या ओळीत बरोबर दोन बसतात. ४०९६ नोंदींना १,३१,०७२ बाइट लागतात, आणि हजाराच्या वेगाने तेवढ्या नोंदी चार सेकंदांचा इतिहास धरतात. नोंदींची संख्या दोनाच्या घातात घ्या. मग कुठलीही नोंद कुठल्या जागेवर आहे हे काढायला भागाकार लागत नाही, ४०९५ बरोबर 'अँड' केलं की झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. बरेच जण मेमरीत 'सध्याची जागा' ठेवतात: ०, १, २ … ४०९५ आणि पुन्हा ०. ते करू नका. जागा सारखी दिसली तर नवं काहीच आलं नाही की पूर्ण एक फेरी होऊन गेली, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही. त्याऐवजी कधीही मागे न येणारा एकूण आकडा ठेवा. विजेचं मीटर असंच चालतं: मागचं रीडिंग तुमच्याकडे आहे, आताचं मीटरवर आहे, वजाबाकी केली की किती नवं हे कळतं, आणि मीटरला तुमची दखलही घ्यावी लागत नाही. वाचणारा स्वतःचं मागचं रीडिंग स्वतःच्या मेमरीत ठेवतो, शेअर्ड मेमरीत काहीच लिहीत नाही. म्हणून तो ही मेमरी फक्त वाचण्याच्या परवानगीने जोडू शकतो, आणि एकाच वेळी दोन-तीन पॅच तोच डेटा आपापल्या गतीने वाचू शकतात.

आकडा ६४ बिटांचाच हवा. ३२ बिटांचा आकडा हजाराच्या वेगाने ४९.७ दिवसांत भरतो. विंडोज ९५ याच हिशोबाने अडकत असे, कारण तिथे मिलिसेकंद ३२ बिटांत मोजले जात होते. ६४ बिटांना याच वेगाने ५८ कोटी वर्षं लागतात.

लिहिणारी बाजू

लिनक्सवर क्रम असा: 'एसएचएम_ओपन'ने नाव देऊन मेमरी उघडायची, 'एफट्रंकेट'ने आकार द्यायचा, 'एममॅप'ने आपल्या पत्त्यांत आणायची. जुन्या लिनक्सवर कंपाइल करताना 'आरटी' लायब्ररी जोडावी लागते. मॅकवर हेच फंक्शन चालतात, पण तिथे एका मेमरीला आकार एकदाच देता येतो आणि नावाच्या लांबीवर मर्यादा आहे, म्हणून नाव छोटं ठेवा. सेन्सर वाचणारा प्रोग्रॅम रूट म्हणून चालत असेल आणि प्युअर डेटा साध्या युजरवर, तर मेमरीची परवानगी तपासा. नाहीतर वाचणाऱ्याला दारच उघडणार नाही.

माहितीचं पान भरताना ओळखखूण सगळ्यात शेवटी लिहा. वाचणारा तीच आधी बघतो, त्यामुळे अर्धवट भरलेलं पान त्याच्या हाती लागत नाही.

नोंद लिहिताना फक्त दोन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम म्हणजे सगळं काही. आधी नोंद तिच्या जागेवर पूर्ण लिहा, मग एकूण आकडा एकने वाढवा. मात्र कोडमध्ये या क्रमाने लिहिलं म्हणून ते या क्रमाने घडेल याची खात्री नसते. कंपायलर ओळी पुढेमागे करू शकतो, आणि रास्पबेरी पायसारख्या एआरएम प्रोसेसरवर तर दुसऱ्या कोअरला तुमची लिखावट वेगळ्याच क्रमाने दिसू शकते. म्हणून २०११च्या सी मानकातले अ‍ॅटॉमिक (कधीही अर्धवट न दिसणारे व्हेरिएबल) वापरा: आकडा 'रिलीज' पद्धतीने लिहायचा आणि वाचणाऱ्याने तो 'अ‍ॅक्वायर' पद्धतीने वाचायचा. मग वाढलेला आकडा दिसला म्हणजे त्याआधीची नोंदही पूर्ण दिसणारच. व्हेरिएबलला सीमधला 'व्होलाटाइल' हा शब्द लावून हे काम होत नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर व्होलाटाइलने निभावल्यासारखं वाटतं, कारण तो प्रोसेसर लिखावटीचा क्रम स्वतःच पाळतो. तोच कोड पायवर नेला की अधूनमधून कचरा आकडे येऊ लागतात.

वेळ लिहिताना मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणारं, घड्याळ घ्या, भिंतीवरचं नको. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली की भिंतीवरचं घड्याळ उडी मारतं, आणि तुमच्या नोंदी अचानक भविष्यातल्या होतात.

वाचणारी बाजू

हे एक्स्टर्नल, म्हणजे सी भाषेत लिहिलेलं प्युअर डेटाचं ऑब्जेक्ट. पॅचमध्ये त्याच्या इनलेटला, म्हणजे तार आत येते तिथे, 'बँग~' जोडा. हा ऑब्जेक्ट प्रत्येक आवाजाच्या ब्लॉकनंतर एक बँग, म्हणजे 'आता काम कर' असा संदेश, देतो, त्यामुळे वाचन आवाजाच्या ठोक्याशी बांधलं जातं.

ऑब्जेक्ट तयार होताना मेमरी उघडा, तिचा खरा आकार विचारा, तो हेडर फाइलमधल्या मांडणीशी जुळला तरच ती जोडा, आणि वापरण्याआधी ओळखखूण बरोबर आहे का हे तपासा. जोडल्यावर प्रत्येक पान एकदा वाचून घ्या. ऑपरेटिंग सिस्टम पान पहिल्यांदा लागेल तेव्हाच आणते, आणि तो थांबा आवाज चालू असताना यायला नको. मग 'वाचलेले' या आपल्या आकड्याची सुरुवात शून्यापासून न करता लिहिणाऱ्याच्या आताच्या आकड्यापासून करा. शून्यापासून सुरुवात केली तर पॅच उघडताच चार सेकंदांपूर्वीची पावलं वाजायला लागतील.

दर बँगला असं घडायला हवं:

लिहिलेले = एकूण आकडा, अ‍ॅक्वायर पद्धतीने
नवे = लिहिलेले − वाचलेले
जर नवे > ४०३२ :
  हरवलेले = हरवलेले + नवे − ३२
  वाचलेले = लिहिलेले − ३२
  नवे = ३२
घ्यायचे = नवे आणि ६४ यांतला लहान आकडा
तेवढ्या नोंदी स्वतःच्या मेमरीत उतरवून घ्या
अ‍ॅक्वायर फेन्स (आधीचं वाचन पुरं होईपर्यंत पुढचं नको)
पुन्हा = एकूण आकडा
जर पुन्हा − वाचलेले > ४०३२ : उतरवलेलं टाकून द्या, थांबा
वाचलेले = वाचलेले + घ्यायचे
उतरवलेल्या नोंदी आउटलेटमधून बाहेर

४०९६ जागा असताना ४०३२च का? लिहिणारा तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही सगळ्यात जुनी नोंद उचलत असता तेव्हाच तो त्याच जागेवर नवी लिहीत असू शकतो. शिवाय रिलीज पद्धत आधीच्या लिखावटीला बांधते, नंतरच्या नाही. पुढच्या नोंदीची लिखावट आकडा वाढलेला दिसायच्या आधीही दुसऱ्या कोअरला दिसू शकते. म्हणून एकच जागा मोकळी सोडून भागत नाही. ६४ नोंदींचं अंतर सोडलं की हजाराच्या वेगाने ६४ मिलिसेकंदांची मोकळीक मिळते, आणि एवढा वेळ उतरवून घ्यायला कधीच लागत नाही. तरी लागलाच, म्हणजे मधेच ऑपरेटिंग सिस्टमने तुमचा थ्रेड बाजूला सारला, तर दुसरी तपासणी ते पकडते. ही दुसरी तपासणी गाळू नका. ती नसेल तर निम्मी जुनी आणि निम्मी नवी अशी फाटकी नोंद येते, आणि सहापैकी दोन आकडे भलतेच निघाले की आवाजात एकच फटका बसतो. त्याचं कारण शोधायला दिवस जातात.

६४ची मर्यादा का, हाही प्रश्न आहे. खंडानंतर एकदम चार हजार नोंदी साचल्या आणि त्या सगळ्या एका ब्लॉकमध्ये बाहेर ढकलल्या, तर तो ब्लॉक वेळेत पूर्ण होणार नाही, आवाज तुटेल, त्या तुटण्यात आणखी नोंदी साचतील. मर्यादा घातली की कामाची वरची हद्द कायम राहते. ६४च्या हिशोबाने ४०३२ नोंदींचा साठा ६३ ब्लॉकमध्ये, म्हणजे ८४ मिलिसेकंदांत संपतो.

आणि फार मागे पडल्यावर जुनं सगळं वाचायचं की सोडून द्यायचं? हा प्रश्न कोडचा नाही, कामाचा आहे. नाचासोबत वाजायचं असेल तर जुनं सोडा, कारण उशिरा आलेली थाप न आलेल्या थापेपेक्षा वाईट. नोंदी साठवून नंतर अभ्यासायच्या असतील तर कडं मोठं करा आणि एकही सोडू नका. दोन्हीकडे 'हरवलेले' हा आकडा मात्र वेगळ्या आउटलेटमधून बाहेर द्या आणि पॅचमध्ये डोळ्यांसमोर ठेवा.

शेवटच्या दोन ओळींचा क्रम प्युअर डेटासाठी खास आहे. आउटलेटमधून आकडा बाहेर पडला की पुढच्या तारांवरचं सगळं काम तिथल्या तिथे होतं, आणि मगच तुमचं फंक्शन पुढे सरकतं. त्या तारांमधली एखादी फिरून तुमच्याच इनलेटला आली तर तुमचं फंक्शन स्वतःच्या पोटातूनच पुन्हा सुरू होतं. 'वाचलेले' आधी पुढे नेलेला असेल तर बाहेर पडणाऱ्या नोंदी पुन्हा वाचल्या जात नाहीत. आणि सहा आउटलेट असतील तर उजवीकडून डावीकडे या क्रमाने सोडा. प्युअर डेटाची सगळी शिस्त त्यावर उभी आहे.

१,६७,७७,२१६ची भिंत

इथे एक खड्डा आहे जो दोन मिनिटांच्या चाचणीत कधीच दिसत नाही. नेहमीच्या प्युअर डेटात तारेवरून जाणारा प्रत्येक आकडा ३२ बिटांचा फ्लोट, म्हणजे दशांश ठेवणारा आकडा, असतो. फ्लोटला १,६७,७७,२१६ पर्यंतचे सगळे पूर्णांक अचूक येतात. त्यात एक मिळवला की उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६च येतं.

आता समजा, तुम्ही एकूण आकडा आउटलेटमधून बाहेर काढला आणि मागचा वजा करून नवे किती हे पॅचमध्येच मोजलं. हजाराच्या वेगाने ४ तास ३९ मिनिटं सगळं सुरळीत चालेल. त्यानंतर वजाबाकी ०, २, ०, ४ अशी वेडीवाकडी येऊ लागेल, कारण तिथून पुढे फ्लोटमध्ये फक्त सम संख्या बसतात. आणि पॅचमध्येच 'एक मिळव' करणारा मोजणारा असेल तर तो कायमचा गोठेल. ऑडिओच्या ४८,००० सॅम्पलांसाठी हीच भिंत ५ मिनिटं ४९ सेकंदांवर आहे. सकाळी सुरू केलेलं प्रदर्शन दुपारी गप्प होतं ते बरेचदा यामुळे.

उपाय सोपा आहे: मोठे आकडे सीमध्येच ठेवा, तारेवर फक्त फरक सोडा. वेळेचंही तसंच. नॅनोसेकंदांतली वेळ बाहेर पाठवू नका, मागच्या नोंदीपासून किती मिलिसेकंद झाले ते पाठवा. लांब अ‍ॅरेतून 'टॅबरीड४~'ने वाचत असाल तर त्याचा उजवा इनलेट याच अडचणीसाठी आहे: सुरुवातीची जागा तिथे द्या आणि डावीकडे तिथून पुढचं छोटं अंतर. डबल प्रिसिजनचा प्युअर डेटाही बांधता येतो, पण मग सगळे एक्स्टर्नल त्यासाठी वेगळे कंपाइल करावे लागतात.

आठ ब्लॉक एका दमात

आता घड्याळाच्या त्या मुद्द्याकडे. साउंड कार्डचा बफर ५१२चा आहे. प्युअर डेटा १०.६७ मिलिसेकंदांनी जागा होतो आणि आठ ब्लॉक लागोपाठ करतो. पहिल्या ब्लॉकच्या बँगला तुमच्या ऑब्जेक्टला साचलेल्या दहा-अकरा नोंदी मिळतात. उरलेल्या सात बँगांना काहीच मिळत नाही. नोंदी हरवल्या नाहीत, वजाबाकी बरोबर आहे, तरी आवाज पायऱ्यापायऱ्यांचा येतो: पहिल्या १.३३ मिलिसेकंदांत सगळी हालचाल, पुढे नऊ मिलिसेकंद शांतता. कानाला ते सेकंदाला ९४ वेळा येणाऱ्या खरखरीसारखं लागतं.

यावर बरेच जण बफर लहान करतात. जमत असेल तर जरूर करा, पण प्रत्येक यंत्रावर ते जमत नाही. खरा उपाय म्हणजे नोंदी मिळाल्या म्हणून लगेच बाहेर न सोडता त्यांच्या वेळेवर सोडणं. ऑब्जेक्ट सुरू होताना मोनोटॉनिक घड्याळ आणि प्युअर डेटाची तार्किक वेळ यांतला फरक नोंदवून ठेवा. मग दर बँगला 'वाजवायची वेळ' काढा: आताची तार्किक वेळ, अधिक तो फरक, वजा एक ठरावीक उशीर. ज्या नोंदींवरची वेळ या वेळेच्या आत आहे तेवढ्याच बाहेर सोडा. पहिली नोंद वेळेच्या पुढची दिसली की तिथेच थांबा आणि 'वाचलेले' तिच्या आधीपर्यंतच न्या. ती नोंद कड्यातच राहते. पुढच्या बँगला तिची पाळी येईल.

उशीर किती ठेवायचा? एका दमात होणाऱ्या ब्लॉकांची लांबी, अधिक सेन्सरच्या बाजूची अनियमितता. ५१२च्या बफरला १५ मिलिसेकंद ठेवून पाहा, १२८च्या बफरला ५ पुरतात. हा उशीर कायमचा आहे, पण स्थिर आहे. स्थिर उशिराशी नाचणारी काही मिनिटांत जुळवून घेते. कमीजास्त होणाऱ्या उशिराशी कुणालाच जुळवून घेता येत नाही.

ब्लॉकच्या आतही नोंदी नेमक्या जागी पडाव्यात असं वाटत असेल तर आकडा सरळ रेषेने बदलत नेणाऱ्या ऑब्जेक्टांपैकी 'व्हीलाइन~' वापरा, 'लाइन~' नको. लाइन~ ब्लॉकच्या सीमेवरच सुरू होते. व्हीलाइन~ला तीन आकडे देता येतात: कुठे जायचं, किती वेळात आणि किती वेळाने सुरुवात करायची. '०.७ १ ०.४' म्हणजे ०.४ मिलिसेकंद थांबून मग एका मिलिसेकंदात ०.७ला पोहोचायचं. हजाराच्या वेगाने एका नोंदीला ४८ सॅम्पल मिळतात, आणि तेवढं अंतर सरळ रेषेने भरलं की बहुतेक कामांना आवाज गुळगुळीत येतो.

एक धीमी अडचण उरते. साउंड कार्डचा क्रिस्टल आणि संगणकाचं घड्याळ कधीच तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. दशलक्षात ५० भागांचा फरक असेल तर तासाला ०.१८ सेकंद होतात, म्हणजे आपल्या १५ मिलिसेकंदांच्या उशिराच्या बारापट. म्हणून कड्यात सरासरी किती नोंदी थांबून आहेत यावर नजर ठेवा. सरासरी हळूहळू वाढत असेल तर सुरुवातीला नोंदवलेला फरक कणाकणाने वाढवा, घटत असेल तर घटवा. एकदम उडी मारू नका, ती ऐकू येते.

आवाजाच्या थ्रेडमध्ये काय नको

बँगच्या आत मेमरी मागू नका, फाइल उघडू नका, कुलूप घेऊ नका, आणि प्रत्येक नोंदीला कन्सोलवर ओळ छापू नका. छापलेली ओळ दाखवणाऱ्या प्रोसेसकडे जाते, आणि सेकंदाला हजार ओळींनी खिडकी गोठते. नोंदी अ‍ॅरेत भरत असाल तर 'अ‍ॅरे डिफाइन' वापरा. त्याची खिडकी बंद असेपर्यंत तो काही रेखाटत नाही.

कुलपाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, लावून मोकळं व्हायचा मोह सगळ्यांना होतो. ४ जुलै १९९७ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक पुन्हापुन्हा रीसेट होऊ लागला. यानाच्या भागांमध्ये माहिती शेअर्ड मेमरीतूनच फिरत होती आणि तिला म्यूटेक्सचं कुलूप होतं. हवामानाचं कमी प्राधान्याचं काम कुलूप धरून असताना मधल्या प्राधान्याचं दुसरं काम येऊन प्रोसेसर घेऊन बसायचं. सगळ्यात तातडीचं काम त्या कुलपासाठी थांबून राहायचं, आणि ठरलेल्या वेळेत ते झालं नाही म्हणून संगणक स्वतःला रीसेट करायचा. शेवटी पृथ्वीवरून त्या म्यूटेक्सचा प्राधान्य-वारशाचा पर्याय, म्हणजे कुलूप धरणाऱ्या कामाला थांबलेल्या कामाचं प्राधान्य तात्पुरतं देण्याचा, चालू करून दुरुस्ती केली गेली. आपल्या कामात लिहिणारा एकच आहे आणि वाचणारे काही लिहीत नाहीत, म्हणून कुलपाची गरजच उरत नाही. ही सोय हातची घालवू नका.

लिहिणारा बंद पडला तर

सेन्सरची वायर सुटते, प्रोग्रॅम पडतो, कुणीतरी तो पुन्हा सुरू करतो. लिनक्सवर शेअर्ड मेमरी प्रोग्रॅम गेल्यावरही तशीच राहते. नव्याने सुरू झालेल्या लिहिणाऱ्याने ती पुसून त्याच नावाने नवी केली तर एक विचित्र स्थिती येते: प्युअर डेटा अजून जुन्याच मेमरीशी जोडलेला असतो, ती मेमरी आता नावाशिवाय जिवंत असते, आणि तिथला आकडा कधीच वाढत नाही. चूक कुठेच दिसत नाही, फक्त आवाज थांबतो.

म्हणून पुसू नका. असलेली मेमरी उघडा, मांडणी तीच आहे का बघा, सत्र क्रमांक एकने वाढवा आणि एकूण आकडा होता तिथूनच पुढे न्या. तो शून्यावर आणलात तर वाचणाऱ्याची वजाबाकी उणे होईल, आणि चिन्ह नसलेल्या ६४ बिटांत ती अवाढव्य दिसेल. मेमरीचा आकार चालू असताना कधीही कमी करू नका: वाचणाऱ्याने कापलेल्या भागाला हात लावला की ऑपरेटिंग सिस्टम 'सिगबस' पाठवते आणि अख्खा प्युअर डेटा कोसळतो. वाचणाऱ्या बाजूला आकडा अर्धा सेकंद हलला नाही तर पॅचला एक संदेश द्या. पुन्हा उघडण्याचं काम बँगच्या आत करू नका, त्यासाठी वेगळा संदेश ठेवा, म्हणजे ते कधी करायचं हे पॅच ठरवेल.

चाचणी

खरा सेन्सर जोडण्याआधी एक नकली लिहिणारा करा. तो पहिल्या आकड्यात नोंदीचा क्रमांक १००० ने भागून उरलेली बाकी लिहितो आणि इतर पाच आकड्यांतही तीच. वाचणाऱ्या बाजूला दोन गोष्टी तपासा: एका नोंदीतले सहाही आकडे सारखे आहेत का, आणि लागोपाठच्या नोंदींत एकचाच फरक आहे का (९९९नंतर मात्र ० यायला हवा). पहिली तपासणी फाटक्या नोंदी पकडते, दुसरी गळलेल्या आणि दोनदा आलेल्या.

मग प्युअर डेटाच्या प्रोसेसला 'स्टॉप' सिग्नल देऊन पाच सेकंद थांबवा आणि पुन्हा सोडा. 'हरवलेले' आकडा पाच हजारांच्या जवळपास वाढला पाहिजे आणि आवाज लगेच ताज्या नोंदींवर आला पाहिजे. तीन सेकंद थांबवून पाहिलं तर मात्र हा आकडा हलता कामा नये, आणि साचलेलं सगळं शंभरेक मिलिसेकंदांत संपलं पाहिजे.

मोठ्या आकड्यांची चाचणी करायला पावणेपाच तास थांबायची गरज नाही. नकली लिहिणाऱ्याचा एकूण आकडा १,६७,७७,००० पासून सुरू करा. भिंत पाव सेकंदाच्या आत ओलांडली जाते. तसाच ४,२९,४९,६७,००० पासूनही सुरू करून बघा, म्हणजे कुठे चुकून ३२ बिटांचा व्हेरिएबल राहिला असेल तर तोही सापडेल. या सगळ्या चाचण्या लॅपटॉपवर पार पडल्या तरी रास्पबेरी पायवर त्या पुन्हा चालवा, कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू ठेवून, आणि लिहिणाऱ्याचा वेग ५० हजारांवर नेऊन रात्रभर. त्या वेगाने ४०९६ जागांचं कडं ८२ मिलिसेकंदांत फिरतं आणि राखून ठेवलेल्या ६४ नोंदी १.३ मिलिसेकंदांच्या राहतात, म्हणजे दुसऱ्या तपासणीलाही खरोखर काम लागतं.